ऑस्टोमीची पिशवी घेऊन पहिल्यांदा प्रवासाला निघताय? मग हे आधी वाचा

माझं ऑस्टोमीचं ऑपरेशन झालं, म्हणजे शी किंवा लघवी बाहेर यायला पोटावर तोंड काढतात (त्या तोंडाला स्टोमा म्हणतात) आणि त्यावर पिशवी चिकटवतात. ते होऊन घरी आले त्यानंतर जवळजवळ आठ महिने मी कुठेच गेले नाही. तब्येत सुधारली होती, जेवण जात होतं, घरातली कामंही करत होते, पण कुणी "चल गं, दोन दिवस जाऊन येऊ" म्हटलं की पोटात गोळाच यायचा. मग एक दिवस वही घेऊन बसले आणि नेमकी भीती कशाची वाटते ते लिहायला घेतलं. वाटलं होतं पानं भरतील, पण दोनच ओळी निघाल्या. वाटेत पिशवी सुटली तर काय करायचं, आणि बदलायची वेळ आली तर कुठे बदलायची. बाकी सगळी भीती या दोन प्रश्नांतूनच फुटलेली होती. या दोघांची उत्तरं घरातून निघायच्या आधी तयार असली तर प्रवास बऱ्यापैकी नेहमीसारखाच होतो, हे मी आता अनेक प्रवासांनंतर खात्रीने सांगते. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, आधी घरातली तयारी, मग रस्ता, मग मुक्काम.

माझी इलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर काढलेलं, त्यामुळे येतं ते पातळ येतं आणि दिवसभर येतच राहतं. कोलोस्टॉमीवाल्यांचं मोठ्या आतड्यातून येतं, बहुतेकांचं घट्टसर असतं आणि वेळाही थोड्याफार ठरलेल्या असतात. युरोस्टॉमीत लघवी येते. तयारी तिघांची सारखीच, जिथे फरक आहे तिथे वेगळं सांगते.

निघायच्या बऱ्याच आधी

पहिलं काम डॉक्टरांना विचारायचं. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर विमानाची घाई नको, कारण ऑपरेशनच्या वेळी पोटात शिरलेली हवा वर गेल्यावर फुगते आणि आतले टाके अजून कच्चे असतात. किती दिवस थांबायचं ते तुमचं ऑपरेशन कसं झालं त्यावर आहे, दुर्बिणीचं की पोट उघडून, म्हणून ते तुमच्या सर्जनकडूनच घ्या. तिकीट काढायच्या आधी विचारा, नंतर नको. दुसरं विचारायचं ते वजन उचलायचं. स्टोमाच्या बाजूला हर्निया व्हायची शक्यता असते आणि तो जड सुटकेस वरच्या रॅकवर चढवताना होऊ शकतो. चाकं असलेली बॅग घ्या आणि वर ठेवायला सरळ कुणाला तरी मदत मागा, त्यात लाजायचं काही नाही.

डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. त्यात तुम्हाला ऑस्टोमी आहे, कुठल्या प्रकारची आहे, सोबत पिशव्या आणि औषधं बाळगणं गरजेचं आहे, एवढं असलं की पुरे. रोजच्या गोळ्यांची प्रिस्क्रिप्शनही त्याच फाइलला लावा. दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथल्या भाषेत चार वाक्यं लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना ऑस्टोमीचं आणि ज्या आजारामुळे ती झाली त्याचं, दोन्ही सांगून टाका. लपवलं तर ऐन गरजेला क्लेम अडतो.

आणि मग रंगीत तालीम करायची. हे लोक करत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं हेच आहे. आधी दोन तास बाहेर जा, मग अर्धा दिवस, मग एक रात्र कुणाकडे तरी राहून या. या तालमीत एकदा तरी घराबाहेरच्या टॉयलेटमध्ये पिशवी रिकामी करायची आणि एकदा पूर्ण बदलायची, गरज नसली तरीही. गरज नसताना केलेलं असलं म्हणजे गरज पडल्यावर हात थरथरत नाहीत.

सामान किती आणि कुठे

हिशोब सोपा आहे, घरी जेवढं लागतं त्याच्या दुप्पट घ्यायचं. समजा तुमचं वेफर, म्हणजे स्टोमाभोवती कातडीला चिकटणारी आणि पिशवी धरून ठेवणारी चकती, तीन दिवसांनी बदलायला लागतं आणि दहा दिवसांचा प्रवास आहे, तर घरी चार लागले असते, प्रवासात आठ घ्या. उगाच नाही सांगत. गरम हवेत घाम येतो, घामाने वेफरची चिकटी लवकर सुटते, जे तीन दिवस टिकतं ते दोनच दिवस टिकतं, त्यात पोट बिघडलं तर आणखी लवकर. परतीचा प्रवास एक दिवस लांबला तर तोही धरायला हवा.

सामान दोन भागात करा. मोठा भाग तुमच्या हातातल्या बॅगेत आणि उरलेला सोबतच्या माणसाच्या बॅगेत. विमानात जी सुटकेस काउंटरवर देतो तिच्यात एकही गरजेची वस्तू टाकायची नाही, कारण ती सुटकेस दुसऱ्या दिवशी मिळाली तर कपड्यांवाचून चालतं पण वेफरवाचून चालत नाही. माझ्या एका प्रवासात सुटकेस दीड दिवस उशिरा आली. त्या दीड दिवसात मी तोच ड्रेस घालून फिरले पण मनाला धास्ती नव्हती, कारण सगळ्या पिशव्या खांद्यावरच्या सॅकमध्ये होत्या.

वेफरची भोकं घरीच मापात कापून घ्या. कारण एकतर कात्री विमानतळावर अडवू शकतात, ब्लेड किती लांब चालतं याचा नियम प्रत्येक देशात वेगळा आहे, आणि दुसरं म्हणजे हलत्या गाडीत गोल कापणं अवघड असतं. तरी दोन-तीन वेफर न कापलेली ठेवा, ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत स्टोमाचा आकार बदलत असतो. त्यांच्यासाठी छोटी बोथट टोकाची कात्री सुटकेसमध्ये टाका.

चिकटपणा काढायचा स्प्रे नेण्यापेक्षा त्याचेच वाइप्स न्या. हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलीच्या वर बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, वैद्यकीय वस्तूंना सूट असली तरी प्रत्येक चेकिंगला ती समजावत बसावं लागतं. वाइप्सला कुणी काही विचारत नाही.

उष्णतेची काळजी घ्या. वेफरचा चिकट थर गरमीत मऊ पडतो आणि मग चिकटवताना कडा गोळा होतात. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत किट ठेवायचं नाही, गाडीतून उतरलात की किट बरोबर घ्यायचं. थंड प्रदेशात उलटं होतं, वेफर कडक होतं, तेव्हा लावायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं काखेत किंवा दोन तळव्यांमध्ये धरून गरम करा.

तुमच्या पिशवीची कंपनी, प्रॉडक्ट नंबर आणि फ्लँजचं, म्हणजे वेफरवर पिशवी बसते त्या कड्याचं, माप कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बॉक्सवरच्या लेबलचा फोटोही काढा. दोन भागांची सिस्टिम, म्हणजे वेफर आणि पिशवी वेगवेगळी, असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण एका कंपनीची पिशवी दुसऱ्या कंपनीच्या वेफरवर सहसा बसत नाही, माप तेच असलं तरी खटका वेगळा असतो. अनोळखी गावात दुकानदाराला नुसतं "स्टोमाची पिशवी द्या" म्हणून काम होत नाही, नंबर लागतो.

हाताशी असायचं ते छोटं किट

हे मोठ्या सामानापासून वेगळं. अंगावरच्या पर्समध्ये किंवा कमरेच्या पाउचमध्ये मावेल एवढं, आणि ते टॉयलेटला जाताना प्रत्येक वेळी बरोबर न्यायचं, "आत्ता नुसती रिकामीच करायचीय" असं वाटलं तरी.

माझ्या किटमध्ये दोन बदल्यांचं सामान असतं, म्हणजे कापलेली दोन वेफर, दोन पिशव्या, पिशवीला वेगळी क्लिप लागत असेल तर एक जादा क्लिप. सुके वाइप्स, रिमूव्हरचे तीन-चार वाइप्स, थोडी स्टोमा पावडर (ओलसर कातडीवर टाकायची), एक बॅरिअर रिंग (वेफरखालची फट भरायची मऊ कडी). वास न येऊ देणाऱ्या दोन-तीन कॅरीबॅग. २०० मिलीची पाण्याची बाटली (विमानतळावर चेकिंगच्या आधी रिकामी करून नंतर भरायची), कारण टॉयलेटमध्ये नळ असेलच असं नाही आणि असला तर तो बाहेर बेसिनला असतो. एक पातळ इनर आणि घडी केलेली लेगिंग. आणि कपडे वाळत घालायचा चिमटा.

चिमट्याचं सांगते. पहिल्या मोठ्या प्रवासात बसथांब्यावरच्या टॉयलेटमध्ये मी पिशवी बदलत होते, कुडता हनुवटीखाली दाबून धरलेला, एका हातात जुनी पिशवी, दुसऱ्या हाताने पोट पुसतेय आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं. मी "आहे" म्हणायला तोंड उघडलं, हनुवटी वर झाली आणि कुडता सरळ स्टोमावर पडला. कुडता बदलावा लागला, बस पाच मिनिटं थांबवावी लागली. तेव्हापासून आत गेलं की पहिलं काम कुडत्याचं टोक वर घेऊन गळ्यापाशी चिमट्याने अडकवायचं. दोन्ही हात मोकळे राहतात आणि तोंडही.

ओले सुगंधी वाइप्स, बेबी वाइप्स वगैरे स्टोमाच्या भोवती वापरू नका. त्यात तेल किंवा लोशन असतं, कातडी गुळगुळीत होते आणि वेफर धरत नाही. सॅनिटायझर हाताला लावा, पोटाला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी

पिशवी आदल्या दिवशी बदला, निघायच्या सकाळी नको. नवीन वेफर नीट बसलं नसेल तर ते बऱ्याचदा पहिल्या काही तासांतच कळतं, आणि ते तास घरात जावेत. सकाळी घाईघाईत लावलेलं वेफर रिक्षात बसल्यावर सुटलं की सगळा दिवस जातो. कोलोस्टॉमी असेल आणि तुम्ही पाणी सोडून पोट साफ करत असाल म्हणजे इरिगेशन करत असाल तर तेही आदल्या रात्री किंवा निघायच्या बरंच आधी उरकून घ्या.

खाण्याचं. प्रवासाच्या भीतीने बरेच जण उपाशी निघतात, मीही निघायचे. त्याने काम थांबत नाही, रिकाम्या पोटी गॅस जास्त होतो आणि इलिओस्टॉमीत येतं ते आणखी पातळ येतं. थोडं थोडं, ओळखीचं खा. ज्या पदार्थाची तुमच्या पोटाला सवय नाही तो प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा खायचा नाही. कार्बोनेटेड ड्रिंक, बिअर, च्युइंगगम, स्ट्रॉने पिणं, यांनी हवा पोटात जाते, ते त्या दिवसापुरतं सोडा.

आणि पाणी कमी करू नका. हे मी हात जोडून सांगते. "पाणी नाही प्यायलं तर पिशवी भरणार नाही" हा हिशोब खोटा आहे. इलिओस्टॉमीत मोठं आतडं वापरात नसतं, जे पाणी आणि मीठ त्याने शोषून घ्यायचं ते सगळं बाहेर जातं, म्हणजे तुमचं शरीर आधीच काठावर असतं. युरोस्टॉमीत पाणी कमी केलं की लघवी गडद होते आणि इन्फेक्शनला आमंत्रण मिळतं. पिशवी भरली तर रिकामी करता येते.

रस्त्यावर

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, अर्धी होईपर्यंतही थांबायचं नाही. भरलेल्या पिशवीचं वजन वेफरला खाली ओढतं आणि लीक वरच्या कडेपासून सुरू होतं. प्रवासात याला एक पुरवणी जोडा, टॉयलेट दिसलं की जायचं, गरज वाटो न वाटो. पुढचं टॉयलेट कधी मिळेल ते आपल्या हातात नसतं.

कारमध्ये सीटबेल्ट लावायचाच, स्टोमा आहे म्हणून बेल्ट सोडणं हा वेडेपणा आहे. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, नितंबाच्या हाडांवर बसतो, बऱ्याच जणांचा स्टोमा त्याच्या वर येतो. पट्टा नेमका स्टोमावरून जात असेल तर पट्टा थोडा खाली सरकवून बघा. बाजारात यासाठी स्टोमा गार्डही मिळतात, पण गार्ड किंवा मऊ पॅड वापरायच्या आधी स्टोमा नर्सला दाखवून घ्या, अपघातात बेल्टने धरायला हवं ते हाड धरलंच पाहिजे.

बसमध्ये ड्रायव्हर किंवा कंडक्टरला चढतानाच हळूच सांगून ठेवा की ऑपरेशन झालंय, मध्ये थांबावं लागेल. आजवर मला एकानेही नाही म्हटलेलं नाही. ऐन वेळी ओरडून सांगण्यापेक्षा आधी दोन शब्द बोललेले बरे. ट्रेनमध्ये टॉयलेटपासून तीन-चार सीट लांबची जागा घ्या, अगदी दाराशी नको, तिथे सतत वर्दळ असते. रात्रीचा प्रवास असेल तर खालचा बर्थ, कारण मध्यरात्री उठून शिडी उतरायची नाहीये. झोपायच्या आधी रिकामी करा आणि मोबाइलवर चार तासांचा अलार्म लावा, व्हायब्रेटवर.

विमानाबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की वर गेल्यावर पिशवी फुटते. नाही फुटत. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो, त्या दाबाला गॅस पाव ते एक तृतीयांश वाढतो, बस एवढंच. चिप्सचं पाकीट जसं टम्म होतं तशी पिशवी जरा फुगते, पोटातला गॅसही वाढतो म्हणून थोडा जास्त येतो. टेकऑफच्या आधी रिकामी करून घ्या आणि सीटबेल्टची लाइट बंद झाली की जाऊन हवा सोडून या. पिशवीला फिल्टर असेल तर तो हवा सोडत राहतो, पण फिल्टर आतून ओला झाला की बंद पडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर पूर्ण राहू नका. सीट आइलची घ्या.

सिक्युरिटी चेकिंगमध्ये बॉडी स्कॅनरला पिशवी दिसते, म्हणजे पोटावर काहीतरी आहे असं कळतं. घाबरायचं नाही. लाइनमध्ये उभं राहायच्या आधी पिशवी रिकामी करा आणि स्कॅनरमध्ये जायच्या आधीच सांगा, "मला ऑस्टोमी आहे, पोटावर मेडिकल पिशवी आहे". पत्र दाखवा. वेगळ्या खोलीत तपासणी करा असं म्हणता येतं आणि सोबतच्या माणसाला आत घेता येतं. बऱ्याच ठिकाणी तुम्हालाच कपड्यावरून पिशवीवर हात फिरवायला सांगतात आणि मग तुमचे तळहात कापडाने पुसून तपासतात, तेवढ्यात संपतं. पिशवी काढून दाखवायची गरज नसते. कुणी तसं म्हणालं तर शांतपणे वरच्या अधिकाऱ्याला बोलवा. काही विमानतळांवर सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी गळ्यातली पट्टी मिळते, वरून न दिसणारं अपंगत्व किंवा आजार असलेल्यांसाठी, २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ही सुरू झाली आणि आता पुष्कळ देशांत चालते. ती घातली की स्टाफला समजतं की या माणसाला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

बाहेरच्या टॉयलेटमध्ये, एकेक करून

रिकामी करायची असेल तर आधी कमोडच्या पाण्यावर दोन-तीन टिश्यू टाका, शिंतोडे उडत नाहीत आणि आवाजही होत नाही. कमोडवर मागे सरकून पाय फाकवून बसा आणि पिशवीचं तोंड मध्ये सोडा, किंवा कमोडकडे तोंड करून उभ्याने थोडं वाकून करा. उकिडवं बसायचं टॉयलेट असेल तर मला उभ्याने वाकूनच बरं पडतं, खाली बसलं की पोटाला घडी पडते आणि वेफर उचललं जातं. तोंड बंद करायच्या आधी पिशवीचं टोक आतून-बाहेरून पुसून घ्या, वास येतो तो बहुतेक वेळा तिथूनच येतो.

पूर्ण बदलायची असेल तर आत जाऊन आधी सगळं मांडून घ्या, नवीन वेफर, पिशवी, वाइप्स, उघडलेली कॅरीबॅग. खाली ठेवायला जागा नसते म्हणून किट दाराच्या हुकला लटकवता येईल असं घ्या. चिमटा लावा. मग जुनी वरून खाली हळूहळू काढा, एका हाताने कातडी दाबत, ओढायची नाही. बाटलीतल्या पाण्याने वाइप ओला करून पुसा, साबण नको. सुक्याने टिपा, कातडी पूर्ण कोरडी पाहिजे, दमट कातडीवर लावलेलं वेफर टिकत नाही. नवीन लावलं की तळहाताने मिनिटभर दाबून धरा, हाताच्या उबेने ते बसतं. पुसताना स्टोमातून रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरू नका, ओठाच्या आतल्या बाजूसारखीच नाजूक जागा असते ती. रक्त थांबतच नसेल किंवा स्टोमाचा रंग जांभळा-काळा दिसायला लागला तर मात्र सरळ दवाखाना.

जुनी पिशवी कमोडमध्ये टाकायची नाही, पाइप तुंबतो. रिकामी करून कॅरीबॅगमध्ये, तिला गाठ, ती दुसऱ्या कॅरीबॅगमध्ये आणि मग डस्टबिन. डस्टबिन नसेल तर किटमध्येच ठेवून पुढे टाका, दोन गाठींतून वास येत नाही.

पोट बिघडलं तर

इथे सावकाश वाचा, खासकरून इलिओस्टॉमीवाल्यांनी.

इलिओस्टॉमीत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर येणं हे नेहमीचं. दीड लिटरच्या वर जायला लागलं, म्हणजे पिशवी पाण्यासारखी भरतेय आणि तासा-दीड तासाला रिकामी करावी लागतेय, तर शरीर झपाट्याने सुकतं. तोंड कोरडं पडणं, उठल्यावर चक्कर, लघवी कमी आणि गडद, पायात पेटके, ही लक्षणं. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहणं हा सगळ्यात जास्त होणारा घोळ आहे. साधं पाणी जास्त प्यायलं की ते आतड्यातलं मीठ ओढून घेऊन बाहेर पडतं, आणि तुम्ही जितकं पिता तितकं येतं. ओआरएस प्या, घोट घोट. पाकिटं नेहमी बरोबर असू द्या आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त घालायचं नाही. डायबिटीस, किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर हे निघायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

जुलाब थांबवायची गोळी जवळ ठेवा, पण ती कधी आणि किती घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून आणा. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती गोळी घ्यायची नाही, दवाखान्यात जायचं. आणखी एक, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या इलिओस्टॉमीत कधी कधी अख्ख्या पिशवीत येतात. तशी दिसली तर औषध लागू पडलेलं नाही, डॉक्टरांना कळवा.

याच्या उलट म्हणजे ब्लॉकेज. इलिओस्टॉमीत चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात मुरडा येतोय, पोट फुगलंय, तर कदाचित काहीतरी अडकलंय. मका, मशरूम, सुकामेवा, खोबरं, संत्र्याच्या फोडींची सालं, असल्या धागेदार किंवा नीट न चावलेल्या पदार्थांनी होतं. घट्ट खाणं बंद करा, कोमट काहीतरी घोट घोट प्या, गरम पाण्याने अंघोळ करा, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्या, स्टोमाच्या भोवती हलक्या हाताने चोळा. स्टोमा सुजलेला दिसला तर मोठ्या भोकाचं वेफर लावा. उलट्या सुरू झाल्या किंवा काही तासांत मोकळं झालं नाही तर पिणंही बंद करून हॉस्पिटल गाठा, आणि तिथे पहिलं वाक्य हे बोला की मला इलिओस्टॉमी आहे, जुलाब होऊन पोट साफ व्हायचं औषध देऊ नका. अनोळखी डॉक्टर बद्धकोष्ठ समजून तेच द्यायची शक्यता असते.

पाणी जिथे प्यायला सुरक्षित नाही तिथे बाटलीबंद किंवा उकळलेलं प्या, बर्फ टाळा. इरिगेशनलाही प्यायचंच पाणी वापरा, ते आतड्यात जातं आणि तिथून शोषलं जातं. स्टोमाच्या बाहेरची कातडी धुवायला मात्र अंघोळीचं साधं स्वच्छ पाणी चालतं.

युरोस्टॉमीवाल्यांनी लांबच्या प्रवासात पायाला बांधायची लेग बॅग लावली तर सारखं उठावं लागत नाही, आणि रात्रीच्या मोठ्या पिशवीला जोडायचा कनेक्टर दोन घ्या, ती बारकी वस्तू हमखास घरी राहते. ताप, कमरेत दुखणं, गढूळ आणि वेगळ्याच वासाची लघवी, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर.

मुक्कामाच्या जागी

खोलीत गेल्यावर आधी बाथरूम बघा. आरसा कुठे आहे, शेल्फ आहे का, डस्टबिन आहे का. गादीवर घालायला वॉटरप्रूफ शीट आणा, घडी केली की वहीएवढी होते, आणि तिच्यामुळे मला अनोळखी पलंगावर झोप लागते, नाहीतर रात्रभर एक हात पोटावर असायचा.

पोहायला हरकत नाही. वेफर लावून तास-दोन तास झालेले असू द्या, पाण्यात जायच्या आधी रिकामी करा, फिल्टरवर बॉक्समध्ये मिळणारा छोटा स्टिकर लावा आणि बाहेर आल्यावर काढायला विसरू नका. कडांना वॉटरप्रूफ टेप लावली तर अजून बरं. शंका असेल तर आधी घरी पाण्याच्या टबमध्ये अर्धा तास बसून बघा.

इरिगेशनची सवय असेल आणि घड्याळ बरंच बदललं असेल तर वेळ एकदम न बदलता रोज तास-दोन तासांनी सरकवा.

घरी परत आलात की सुटकेस उद्या उघडली तरी चालेल, पण छोटं किट त्याच संध्याकाळी भरून ठेवा. काय संपलं, काय कमी पडलं आणि काय उगाच ओझं झालं ते वहीत लिहा, आठवडाभराने आठवत नाही. मग अंघोळीच्या वेळी वेफर काढून कातडी नीट उजेडात बघा, लाल होऊन ओलसर झाली असेल तर पुढच्या एक-दोन बदल्यांना पावडर लावा, आणि चिघळलेली दिसली तर स्टोमा नर्सला दाखवा.